वासराला हगवण लागली? आधी त्याचे दिवस मोजा

आमच्या गोठ्यातलं पहिलं वासरू हगवणीनं गेलं, त्या दिवशी डॉक्टरांनी आल्या आल्या एकच प्रश्न विचारला, "ताई, किती दिवसांचं आहे?" मी म्हणाले, आठेक दिवसांचं असेल. हे म्हणाले दहा. आत्या (सासूबाईंना मी आत्याच म्हणते) बोटांवर तिथ्या मोजून म्हणाल्या, "एकादशीला व्यालीय गाय, म्हणजे तेरावा दिवस हाय." डॉक्टर काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की तिघांची तीन उत्तरं त्यांना रोज ऐकायला मिळत असणार.

वासराचं वय आणि हगवणीचं कारण यांचं नातं किती जवळचं आहे, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. त्या पावसाळ्यात आमची तीन वासरं गेली. मोहोळ तालुक्यातला आमचा गोठा लहानच, सात संकरित गाई आणि एक पंढरपुरी म्हैस. त्यानंतर डॉक्टरांना विचारून, स्वतः चुकून जे शिकले ते इथं लिहिते. पहिल्यांदा गाई घेणाऱ्यांसाठी आहे. जुन्या जाणत्यांना यातलं बरंच माहीत असेल, पण चिकाबद्दलचा (गाय व्याल्यावर येणाऱ्या पहिल्या दुधाबद्दलचा) भाग त्यांनीही वाचावा.

आधी हे जमवून ठेवा

हगवण नेहमी रात्री किंवा रविवारी लागते असा माझा अनुभव आहे. म्हणून गाय विण्याआधीच घरात असू द्या:

- थर्मामीटर. माणसांचा डिजिटल चालतो, फक्त तो वेगळा ठेवा आणि वर खूण करा.
- निपल असलेली दोन लिटरची बाटली, आणि आजारी वासरासाठी वेगळी दुसरी.
- वासरांसाठीचं ओआरएस, निदान सहा-आठ पाकिटं. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळतं.
- टिंक्चर आयोडीन आणि बेंबी बुडेल एवढी छोटी वाटी.
- हातमोजे, घट्ट झाकणाच्या दोन-तीन स्वच्छ डब्या (शेणाच्या नमुन्यासाठी).
- मोजमाप लिहिलेलं लिटरचं भांडं. "तांब्याभर" हे माप इथं चालत नाही.
- एक वही, दोरीनं गोठ्यातच टांगलेली. पेनसुद्धा दोरीलाच.
- गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर. सरकारी दवाखान्यात नोंदीला आणि विम्याला तोच विचारतात.
- फोनमध्ये तुमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांचा नंबर, आणि १९६२. हा पशुसंवर्धनाचा टोल-फ्री क्रमांक, फिरत्या दवाखान्यासाठी.

१. विण्याचा दिवस आणि वेळ लिहा

सगळ्यात सोपी पायरी, आणि सगळ्यात जास्त चुकणारी. वहीत तारीख, वेळ, वासरू कालवड (मादी) की गोऱ्हा (नर), अंदाजे वजन, पहिला चीक किती वाजता आणि किती प्यायलं एवढं लिहा. होल्स्टीन संकरित वासरू साधारण ३० किलोच्या आसपास भरतं, खिलारचं त्याहून हलकं. ओआरएस, जंताचं औषध, सगळं वजनावर ठरतं, म्हणून अंदाज तरी हवाच.

विण्याची जागा कोरडी असू द्या. गव्हाणीपाशी, इतर गाईंच्या शेणामुतात वासरू पडलं तर त्याच्या तोंडात पहिल्यांदा काय जातं याचा विचार करा. चिकाच्या आधी शेण गेलं की शर्यत तिथंच हरलो. आम्ही गोठ्याच्या टोकाला दहा बाय बारा फुटांचा एक कप्पा केलाय, विण्याआधी तिथं पाचटाचा जाड थर टाकतो. ऊसपट्ट्यात पाचटाला काय तोटा!

२. चीक: पहिले सहा तास

या पायरीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आमची तिन्ही वासरं खरं तर इथंच गेली. हगवण नंतर लागली, एवढंच.

माणसाच्या बाळाला आईकडून रोगाशी लढायची शक्ती बरीचशी पोटात असतानाच मिळते. गाई-म्हशींचं तसं नाही. त्यांच्या वारेतून (जार म्हणतो तीच) ही शक्ती पलीकडे जात नाही, त्यामुळे वासरू जवळपास रिकाम्या हातानं जन्मतं. जे मिळायचं ते चिकातून. आणि ते आतड्यातून रक्तात शोषून घेण्याचा दरवाजा जन्मल्यापासून तासातासानं बंद होत जातो. २४ तासांनी तो बंद झालेला असतो. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी रक्तात काही जात नाही.

हिशोब असा: वासराच्या वजनाचा दहावा हिस्सा चीक. ३० किलोच्या वासराला ३ लिटर, २० किलोच्याला २ लिटर. त्यातला अर्धा पहिल्या एक-दोन तासांत, उरलेला सहा-आठ तासांच्या आत. पुढचे तीन दिवस चीकच पाजत राहा. रक्तात जाणं थांबलं तरी तो आतड्याच्या आतून लेप लावल्यासारखं काम करतो.

आता आपल्याकडचे अडथळे.

पहिला: "जार पडू दे आधी, मग पाज." आमच्या घरातही हेच होतं. जार पडायला कधी कधी आठ-दहा तास लागतात, म्हणजे वासराचे सोन्यासारखे तास गेले. उलट वासरू लुचलं की गाईच्या अंगात जे संप्रेरक सुटतं त्यानं पान्हा सुटतो, गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायला मदतच होते. आत्यांना हे पटायला एक वेत लागलं. पटलं ते माझ्या बोलण्यानं नाही. वासरू लगेच पाजलेल्या गाईनं तासा-दोन तासात जार टाकली, ते स्वतः पाहिल्यावर.

दुसरा: "जास्त चीक पाजला की वासरू हगतं." चीक प्यायल्यावर शेण पिवळं आणि मऊ होतं, ते बरोबर आहे. ती हगवण नव्हे. वासरू उड्या मारतंय, पितंय, तर घाबरू नका.

तिसरा: खरवस. मला स्वतःला खरवस फार आवडतो, त्यामुळे उपदेश करायची माझी लायकी नाही. पण पहिल्या धारेचा चीक वासराचा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचा तर दुसऱ्या दिवसाचा वाटा, वड्या तेवढ्याच छान पडतात.

चौथा, जो आमच्याकडून झाला: वासरू सडाला लागलेलं दिसलं म्हणून आम्ही निर्धास्त. तोंडात सड असणं आणि पोटात दीड लिटर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरलेली लोंबती कास असेल तर वासराला सड सापडतच नाही. पिळून, मोजून, बाटलीनं पाजा.

चीक चांगला आहे का, हे डोळ्यानं नीट कळत नाही. घट्ट पिवळा असला तरी कमी ताकदीचा निघू शकतो. यासाठी एक उपकरण लागतं आणि ते सोलापूर जिल्ह्यात शेजारच्या बागायतदाराकडे असण्याची शक्यता मोठी आहे: द्राक्षाची, डाळिंबाची साखर मोजायचा ब्रिक्स मीटर. त्याच काचेवर चिकाचे दोन थेंब टाका. २२ किंवा जास्त आकडा आला तर चीक उत्तम. कमी आला तर थोडा जास्त पाजा, किंवा साठवलेला वापरा. वापरून झाल्यावर मीटर धुऊन परत द्या, नाहीतर पुढच्या हंगामात मिळायचा नाही.

साठवायचा कसा? निरोगी, दोन-तीन वेतांच्या गाईचा जादा चीक अर्ध्या-एक लिटरच्या स्वच्छ बाटल्यांत फ्रीजरमध्ये ठेवायचा. वितळवताना कोमट पाण्यात बाटली धरायची. गॅसवर ठेवलात की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे, खरवस होतो. म्हणजे ज्या प्रथिनांसाठी एवढा खटाटोप, तीच गोठून वाया.

३. बेंबी

जन्मल्यावर लगेच नाळ टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. वरून शिंपडण्यापेक्षा वाटीत बुडवणं चांगलं. बेंबी सुकेपर्यंत रोज बघा. सुजली, गरम लागली, वास आला तर डॉक्टर. बेंबीतून शिरलेले जंतू रक्तात जातात आणि असं वासरू पुढं हगवणीत पटकन कोसळतं.

४. हगवण लागली: आता दिवस मोजा

पातळ शेण दिसलं की वही उघडा. कारण कळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग वय हाच आहे. पुढची विभागणी ढोबळ आहे, वासरांनी काही ती वाचलेली नसते, आणि पुष्कळदा दोन-तीन जंतू एकाच वेळी असतात. तरी उपयोग होतो.

*पहिले चार दिवस.* इथं ई. कोलाय या जिवाणूच्या एका खास जातीवर पहिला संशय. या वयातच त्याला आतड्याच्या आतल्या अस्तराला घट्ट चिकटता येतं, नंतर ते जमत नाही. तो आतड्याला पाणी सोडायला लावतो. शेण पाण्यासारखं, पिवळट किंवा पांढरट. ताप बहुतेक वेळा नसतो. वेग भयंकर. सकाळी थोडं मलूल वाटलेलं वासरू संध्याकाळी आडवं. चीक कमी मिळालेली आणि घाण जागी जन्मलेली वासरं याच्या तावडीत आधी सापडतात.

*पाचव्या दिवसापासून दोन-तीन आठवड्यांपर्यंत.* गर्दीचा काळ. रोटा विषाणू, कोरोना विषाणू (कोविडवाला नव्हे, गुरांचा वेगळा) आणि क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी. तिघंही आतड्याच्या अस्तराचं नुकसान करतात. दूध पचवायला आणि शोषायला जे बारीक केसासारखे उंचवटे असतात तेच झिजतात, मग प्यायलेलं दूध न पचता पुढं जातं आणि सोबत पाणी ओढून नेतं. रोटातून वासरू काही दिवसांत सावरतं, कोरोना जरा खोल घाव घालतो. क्रिप्टोची खोड अशी की वासराच्या शेणातून पडणारी त्याची अंडकवचं पडल्या क्षणीच दुसऱ्याला बाधायला तयार असतात, आणि क्लोरीन, फिनाईल यांना ती दाद देत नाहीत. त्यांना मारतं ते ऊन, कोरडेपणा आणि उकळतं पाणी.

*साधारण आठवड्यानंतर कधीही, ताप असेल तर.* साल्मोनेला. शेणाला असह्य दुर्गंधी, रक्त, आतड्याच्या सालपटासारखे तुकडे, १०४ च्या पुढं ताप. यात उशीर चालत नाही, आणि हा माणसांनाही होतो.

*तीन आठवड्यांनंतर.* कॉक्सिडिया. वासरू शेपटी वर करून कुथत राहतं, शेणात रक्त-शेंब दिसते, शेपटी आणि मागचे पाय माखलेले. ओल्या जागी दाटीनं बांधलेल्या वासरांत जास्त. तीन आठवडे का? कारण परजीवी पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत त्याला तेवढा वेळ लागतो. म्हणजे आज दिसतंय ते पंधरा-वीस दिवसांपूर्वीच्या ओलीचं फळ आहे.

*रेडकू असेल तर* एक वेगळंच प्रकरण. पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा भागात पंढरपुरी म्हशी पाळणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं. म्हशीच्या अंगात सुप्त पडलेल्या गोल जंताच्या अळ्या ती व्याल्यावर दुधातून रेडकात जातात. गोठा कितीही स्वच्छ ठेवा, जंत आईच्या सडातूनच येतात. दोन-तीन आठवड्यांत रेडकू पांढरट, मातकट, घाण वासाचं हगायला लागतं, पोट नगाऱ्यासारखं, केस राठ, वाढ खुंटलेली. आमच्याकडच्या रेडकांना "दूध बाधलं" म्हणून सोडून दिलं जायचं. उपाय सोपा आणि स्वस्त: साधारण दहाव्या दिवसानंतर, दोन आठवड्यांच्या आसपास डॉक्टरांच्या सल्ल्यानं वजनावर जंतनाशकाचा पहिला डोस, मग सांगतील तसा पुढचा. वहीत तारीख आधीच लिहून ठेवा.

*जंतू नसतानाही* हगवण लागते. थंडगार दूध, कधी दोन लिटर कधी चार, धार काढायच्या वेळा रोज वेगळ्या, अचानक दूध भुकटी सुरू करणं. डेअरीत चालत नाही म्हणून कासदाहाचं किंवा औषध चालू असलेल्या गाईचं दूध वासराला पाजणं ही आपल्याकडची जुनी काटकसर. ती सोडा.

आणि रंगावरून पैज लावू नका. पांढरी हगवण म्हणजे अमुक, पिवळी म्हणजे तमुक असं छातीठोक सांगणारे गावोगाव भेटतात. नक्की कारण शेणाच्या तपासणीतूनच कळतं.

५. पाणी किती गेलंय ते बघा

हगवणीचं वासरू बहुतेक वेळा जंतूनं मरत नाही. अंगातलं पाणी, क्षार गेल्यानं आणि रक्त आंबट झाल्यानं मरतं. त्यामुळे औषध शोधत बसण्याआधी या चार गोष्टी तपासा. दोन मिनिटं लागतात.

डोळा: डोळ्याचा गोळा आणि पापणी यांच्यात फट दिसते का? निरोगी वासराला नसते.

कातडी: मानेवरची चिमूट धरून सोडा. दोन सेकंदांच्या आत सपाट झाली तर ठीक. त्याहून जास्त वेळ लागला तर पाणी कमी झालंय. सहा सेकंदांच्या पुढं तंबूसारखी उभी राहिली तर गंभीर.

तोंड: बोट घालून बघा. ऊबदार, ओलं आहे? बोट चोखतंय? थंड तोंड आणि चोखायची इच्छाच नाही, ही धोक्याची घंटा.

उभं राहणं: दारू प्यायल्यासारखं झुलत असेल तर रक्तातली आम्लता वाढलीय.

ताप गुदद्वारात थर्मामीटर धरून बघा. १०१.५ ते १०३ फॅरनहाइट सर्वसाधारण. १०० च्या खाली गेलं असेल तर तापापेक्षा वाईट समजा.

चोखत असेल, उभं असेल तर पुढची पायरी घरी करता येते. आडवं पडलं असेल, चोखत नसेल, तोंड थंड असेल तर त्याला शिरेतून सलाईनच लागतं. फोन करा, वाचत बसू नका.

६. पाणी भरून काढा

किती द्यायचं याचा हिशोब एकदा कागदावर करून बघा. ३० किलोचं वासरू, डोळे थोडे खोल गेलेले, म्हणजे अंदाजे आठ टक्के पाणी गेलं. ३० चे आठ टक्के म्हणजे २ लिटर ४०० मिली. शिवाय रोजची गरज किलोमागे ५० मिली, म्हणजे दीड लिटर. झाले जवळपास ४ लिटर. आणि हगवण चालूच आहे, त्यातून जाईल ते वेगळं. आम्ही पहिल्या वासराला दिवसभरात पाव-पाव लिटर करून जेमतेम एक लिटर पाजलं होतं आणि "ओआरएस देऊनही गेलं" म्हणत होतो.

पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवा. घट्ट केलं तर अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं, पातळ केलं तर काम करत नाही. पाणी कोमट, अंगाच्या उबेइतकं. ज्यांच्या बोअरचं पाणी मचूळ आहे त्यांनी पिण्याचं फिल्टरचं पाणी वापरावं, कारण त्यात आधीच क्षार असतात आणि सगळा हिशोब बिघडतो. एका वेळी दीड-दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा. दूध पाजल्यावर दोन-तीन तासांनी ओआरएस. दुधात मिसळू नका, पोटात दुधाचं दही लागायला अडथळा येतो.

रात्री वासरांचं ओआरएस नसेल तर माणसांचं पाकीट, एक लिटरला एक, सकाळपर्यंत वेळ मारून नेतं. वासराला त्याहून जास्त सोडियम आणि आम्लता कमी करणारे क्षार लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी योग्य ते आणा.

साखर-मीठ-पाणी मात्र देऊ नका. आपल्या लेकरांना देतो म्हणून हात तिकडे जातो, माझाही गेला होता. लहान वासराच्या आतड्यात साधी साखर फोडणारं पाचकच नसतं. ती साखर तशीच पुढं जाते आणि हगवण वाढवते. गुळाचंही तेच. ग्लुकोज पावडर चालते, कारण ती फोडावी लागत नाही.

आणखी एक. न चोखणाऱ्या वासराचं तोंड वर करून नळीनं किंवा बाटलीनं ढोस ओतू नका. थेट फुप्फुसात जातं. आमचं दुसरं वासरू हगवणीतून वाचलं असतं बहुधा. खोकून खोकून गेलं.

७. दूध बंद करू नका

"पोटाला आराम" म्हणून दोन दिवस दूध तोडायची पद्धत आहे. ओआरएसमध्ये उपाशी वासराला जगवण्याएवढी ताकद नसते. आतडं भरून यायलाही खाणं लागतंच. चोखत असेल तर दूध चालू ठेवा, दोनदाऐवजी तीन-चारदा, थोडं थोडं. रेडकू म्हशीला लावूनच धार काढत असाल तर आधी त्याला पिऊ द्या. डेअरीचं माप चार दिवस कमी भरेल.

८. डॉक्टरांना काय सांगायचं

फोनवर "वासरू हगतंय" एवढंच सांगू नका. हे सांगा: वय दिवसांत, वजन, हगवण कधीपासून, ताप किती, रक्त आहे का, चोखतंय का, चीक कधी आणि किती मिळाला होता, गोठ्यात आणखी किती वासरांना लागलंय. एका वासराला लागलं असेल तर एक गोष्ट. एका आठवड्यात तिसरं असेल तर तपासणी करून घ्या.

नमुना प्रतिजैविक द्यायच्या आधी घ्यायचा. हातमोजा घालून ताजं शेण थेट डबीत, जमिनीवरचं नको. डबीवर बिल्ला क्रमांक, वय, तारीख. थर्मासमध्ये बर्फ घालून त्याच दिवशी पोचवा, गोठवू नका. जंत आणि कॉक्सिडिया साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात, त्यामुळे ही तपासणी जवळच होऊ शकते. पुढच्या तपासण्यांसाठी पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना तिकडे पाठवायचा की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

९. औषधांचे सापळे

पहिल्या वासराच्या वेळी आम्ही औषध दुकानातून विचारून गोळ्या आणल्या होत्या. देणाऱ्यानं वय विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. दोन प्रकारची प्रतिजैविकं आणि एक माणसांची हगवण थांबवणारी गोळी. त्या शेवटच्या गोळीनं आतड्याची हालचाल मंदावते, बाहेर पडायची घाण आतच साचते आणि शेण थांबलं म्हणून आपण खूश.

प्रतिजैविकांचा रोटा, कोरोना, क्रिप्टो यांच्यावर काही परिणाम होत नाही. ताप, रक्त, मलूलपणा असेल तेव्हा डॉक्टर ती देतात, आणि तेव्हा ती द्यायलाच हवीत, पूर्ण दिवस. कॉक्सिडियाचं आणि जंताचं औषध वेगळं. डाळिंबाच्या सालीचा काढा आत्या अजूनही देतात. मी अडवत नाही, पण ओआरएसचं माप पूर्ण झाल्यावर.

१०. दुसऱ्याला लागू नये म्हणून

आजारी वासरू वेगळं बांधा. पाजायचा क्रम ठरवा: आधी सगळ्यात लहान निरोगी, मग मोठी, शेवटी आजारी. उलट क्रमानं गेलात तर तुमचे हात आणि बादलीच रोग वाहून नेतात. बाटल्या, निपल साबण आणि गरम पाण्यानं धुऊन उन्हात पालथ्या घाला. निपलच्या आत बोट घालून बघा, बुळबुळीत लागलं तर ते धुतलेलं नाही.

वेगवेगळ्या वयाची वासरं एकत्र ठेवू नका. महिन्याचं वासरू वरून ठणठणीत असतं आणि शेणातून जंतू टाकत असतं. बाजारातून आणलेलं लहान वासरू निदान दोन आठवडे लांब बांधा; त्याला चीक मिळाला होता की नाही हे विकणारा सांगत नाही.

गोऱ्ह्यांबद्दल उघड बोललं पाहिजे. संकरित गोऱ्ह्याला किंमत नाही, म्हणून त्याला चीक नाही, दूध नाही, कोपऱ्यात ओल्यात बांधलेला. दया बाजूला ठेवली तरी हिशोब चुकतो. तोच आधी आजारी पडतो आणि शेजारच्या कालवडीला देतो.

आजारी वासराला हात लावल्यावर साबणानं कोपरापर्यंत हात धुवा. क्रिप्टो, साल्मोनेला माणसांना होतात, लहान मुलांना जास्त. आमचा धाकटा वासराला मिठी मारूनच शाळेला जायचा. आता हात धुतल्याशिवाय डबा मिळत नाही.

११. आपल्याकडचे ऋतू

पाऊस आपल्याकडे थोडाच, पण काळ्या मातीचा गोठा एका पावसात रबडी होतो आणि आठवडाभर वाळत नाही. वासरांच्या जागी मुरूम भरून उंचवटा करा, आधी तेवढा एकच खर्च केला तरी चालेल. थंडीत पहाटे पाचट, बारदान. उन्हाळ्यात उलटा प्रकार: एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढं असतो, पत्र्याखाली त्याहून जास्त, आणि हगवणीचं वासरू दुप्पट वेगानं सुकतं. तेव्हा निरोगी वासरापुढंही चौथ्या दिवसापासून स्वच्छ पाणी ठेवा. दूध म्हणजे पाणी नव्हे. पण हेच ऊन फुकटचं जंतुनाशक आहे. रिकामा कप्पा खरवडून, चुना टाकून आठ-दहा दिवस उन्हात तापू द्या, मगच पुढचं वासरू तिथं.

बरं झालेलं वासरू कळपात सोडायची घाई नको. शेण घट्ट झाल्यावरही काही दिवस जंतू पडत राहतात. आम्ही शेण नीट झाल्यापासून आठवडा मोजतो, वहीत तारीख लिहितो आणि मग दावं सोडतो. तो आठवडा मोजायचं काम आता आत्यांकडे आहे. त्या अजून तिथीनंच मोजतात, मी शेजारी तारीख लिहून घेते.